दिनकर केळकर : जुन्या वस्तूंचा जमाखर्च

दिवाळी जवळ आली की मोर्शी-वरूड भागातील जुन्या व्यापारी घरांचे माळे रिकामे होऊ लागतात. बागांमध्ये आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू झालेली असते, दुकानात हिशेबाची घाई असते, आणि घरात आवराआवर चाललेली असते. माळ्यावरून उतरलेल्या वस्तू ओसरीवर मांडल्या जातात. पणजीच्या हातचा पितळी अडकित्ता, बूड झिजलेली समई, झाकण हरवलेला कुंकवाचा करंडा, पेढीवरची दुहेरी दौत, धान्य मोजण्याची पायली, किल्ली नसलेले भक्कम कुलूप आणि तळाशी लाल कापडात बांधलेल्या वह्यांचा गठ्ठा. मोडीचा भाव विचारला जातो, तराजूत वजन होते, आणि शंभर वर्षांचा संसार किलोच्या दराने घराबाहेर जातो. मोडी लिपीतल्या त्या वह्या तर कोणालाच वाचता येत नाहीत. त्याही मोडीतच निघतात.

यात कोणाचा दोष काढावा असे नाही. ज्या वस्तूचा उपयोग संपला आणि जिचा घसारा पूर्ण झाला, तिची पुस्तकी किंमत शून्य होते. उरते ते धातूचे वजन. हिशेबाचा हा नियम व्यापाऱ्याला लहानपणापासून ठाऊक असतो. याच नियमाने जगणाऱ्या एका मराठी व्यावसायिकाने मात्र शून्य किमतीच्या अशा वस्तूंपायी आयुष्याची सात दशके वेचली. पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत, त्यांचे संग्रहालय आज उभे आहे. त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर.

केळकरांचा जन्म १८९६ सालचा. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. राजेरजवाड्यांची दौलत किंवा गिरण्यांचे उत्पन्न त्यांच्या पाठीशी नव्हते. गिऱ्हाईक यावे, त्याची नजर तपासावी, त्याला योग्य भिंग द्यावे आणि प्रामाणिक नफ्यात प्रपंच चालवावा, अशी मध्यम प्रतीची दुकानदारी होती. या दुकानदाराला दुसरेही एक नाव होते. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते कविता लिहीत. कवीच्या मनाला इतिहासाची ओढ होती. ज्यांच्याविषयी लिहायचे, ती माणसे कशी राहत, कोणत्या दिव्याच्या उजेडात वाचत, कोणत्या दौतीत लेखणी बुडवत, हे जाणून घेण्याची इच्छा त्या ओढीतून निर्माण झाली असावी. सुमारे १९२० पासून ते वस्तू जमवू लागले.

वस्तुसंग्रह करणारे श्रीमंत आपल्या देशात पुष्कळ होऊन गेले. हैदराबादच्या सालारजंगांनी देशोदेशींच्या मौल्यवान कलावस्तू गोळा केल्या. अशा संग्राहकांच्या दृष्टीला प्रथम पडते ते सोने, हस्तिदंत, संगमरवर, नामांकित चित्रकाराची सही. केळकरांची दृष्टी वेगळीकडे वळली. त्यांनी स्वयंपाकघरात, देवघरात आणि माजघरात पाहिले. सुपारी कातरायचा अडकित्ता, पाय घासायची वजरी, पानाचा डबा, शेवयांचा साचा, दिवे, कुलुपे, दौती, फण्या, लहान मुलांची खेळणी, सोंगट्यांचे पट, वाद्ये, कोरीव दरवाजे, कठपुतळ्या आणि वस्त्रे, असा त्यांचा संग्रह वाढत गेला. या वस्तू घडविणाऱ्या तांबटाचे, सुताराचे, ओतकाम करणाऱ्याचे नाव कोठेही कोरलेले नसते. त्या वापरणाऱ्या स्त्रियांची नावेही कोणत्या बखरीत सापडत नाहीत. तरीही त्या अनाम माणसांनी रोज हातात घ्यायची वस्तू सुंदर असावी म्हणून किती कष्ट घेतले होते! अडकित्त्याच्या दोन पात्यांना पक्ष्यांचा आकार देण्याने सुपारी अधिक बारीक कातरली जात नाही. तो आकार देणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला, दोघांनाही उपयोगापलीकडचे काही हवे होते. ते ‘काही’ केळकर शोधत होते.

१९६० च्या सुमारास संग्रहातील वस्तूंची संख्या १५,००० च्या घरात गेली. चाळीस वर्षांत १५,००० म्हणजे वर्षाला ३७५. सरासरीने दिवसाला एकाहून थोडी अधिक. हा आकडा कागदावर लहान वाटतो. दुकान सांभाळून, प्रपंच चालवून, चाळीस वर्षे रोज एक वस्तू शोधायची, पारखायची, तिची घासाघीस करायची, ती घरी आणायची आणि जपून ठेवायची, याचा विचार केला म्हणजे त्यामागील चिकाटी ध्यानात येते. व्यापारी माणसाला हा हिशेब अधिक नीट कळेल. रोजची लहान आवक आणि एकही दिवस न चुकणारी नोंद, यांतूनच मोठी पेढी उभी राहते. केळकरांच्या संग्रहाची वाढ त्याच रीतीने झाली.

या उद्योगात त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची साथ होती. ज्या घरात मिळकतीचा वाटा सतत जुन्या पितळेवर आणि लाकडावर खर्च होतो, खोल्यांमागून खोल्या वस्तूंनी भरत जातात, त्या घरातील गृहिणीची संमती हे फार मोठे भांडवल असते. ते कोणत्याही ताळेबंदात दाखविता येत नाही. शिवाय करंडा, फणी, वजरी, साचा यांचे मर्म सांगण्यास माजघरातील जाणत्या स्त्रीवाचून दुसरा अधिकारी कोण असणार?

काळही त्यांच्याशी स्पर्धा करीत होता. सरदारांचे वाडे खचत होते, एकत्र कुटुंबे विभागली जात होती, तांब्या-पितळेची जागा ॲल्युमिनियम आणि पुढे स्टेनलेस स्टील घेत होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांतील कितीतरी जुनी घरे एका दिवसात नाहीशी झाली. त्या घरांबरोबर काय काय वाहून गेले असेल, याची गणती होणे शक्य नाही. जे केळकरांनी त्याआधी उचलून ठेवले होते, तेवढे मात्र राहिले. पहिल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूड येथे बांधलेल्या महालाचे अवशेषही त्यांनी आणविले. त्यांतून पुन्हा उभा केलेला ‘मस्तानी महाल’ आज संग्रहालयात पाहावयास मिळतो.

केळकरांच्या आयुष्यात एक आघात असा झाला की त्याची भरपाई कोणत्याही संग्रहाने होणार नव्हती. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा वयाच्या सातव्या वर्षी गेला. व्यापारी घरात मुलगा म्हणजे केवळ वारस नसतो. पेढीच्या पाटीवर ‘आणि सन्स’ ही अक्षरे पुढे कोण चालविणार, हा प्रश्न त्याच्या जन्माने सुटलेला असतो. सात वर्षांचा मुलगा गेल्यावर आईबाप कोणासाठी जमवीत राहतात? पुष्कळांचे हात अशा वेळी थांबतात. काहींचे हात अधिकच आवळले जातात आणि ते पैशाला धरून बसतात. केळकर दांपत्याने तिसरा मार्ग धरला. त्यांनी आपल्या संग्रहाला मुलाचे नाव दिले. ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ या नावात ‘राजा’ ही पदवी आहे असा समज पाहणाऱ्याचा सहज होतो. त्या पहिल्या शब्दात सात वर्षांचे एक मूल आहे, हे कळल्यावर दालनातील खेळण्यांकडे आणि पाळण्यांकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

संग्राहक व्यापाऱ्यांची ही जात जगात सर्वत्र आढळते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हेन्री केंडॉल (१८७८ ते १९५९) नावाचे एक कारखानदार होऊन गेले. त्यांचा धंदा सुती कापडाचा आणि जखमेवर बांधावयाच्या पट्ट्यांचा. कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या वऱ्हाडातील वाचकाला तो परका वाटू नये. या गृहस्थांनी देवमाशांच्या शिकारीचा इतिहास जमविला. भाले, चित्रे, देवमाशाच्या दातांवरील कोरीव काम, जहाजांच्या नोंदवह्या असे साहित्य गोळा करून त्यांनी शॅरन या गावी संग्रहालय स्थापिले. २००१ मध्ये तो संग्रह न्यू बेडफर्डच्या संग्रहालयात विलीन झाला. न्यू बेडफर्ड हे एकोणिसाव्या शतकात त्या शिकारीचे जगातील प्रमुख बंदर होते.

अहिंसेचे संस्कार घेऊन वाढलेल्या मनाला प्रथम वाटते की, एवढ्या क्रूर धंद्याची आठवण जपावी तरी कशाला? समुद्रातील त्या अवाढव्य, आपल्या पिलांना दूध पाजणाऱ्या जीवांना भाल्यांनी मारायचे, त्यांची चरबी कढवून तेल काढायचे, आणि त्या तेलावर शहरांतील दिवे आणि कारखान्यांतील यंत्रे चालवायची, असा तो व्यापार होता. स्त्रियांच्या पोशाखातील ताठ पट्ट्यांसाठी त्यांच्या तोंडातील झालर कापली जात असे. पुढे खनिज तेल निघाले आणि दिव्यांसाठी त्या तेलाची गरज ओसरली. तरी नव्या यंत्रांच्या बळावर विसाव्या शतकात ही हत्या अधिकच वाढली. अखेर १९८२ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला व तो १९८६ पासून अमलात आला.

त्या जहाजांवर रोजनिशी लिहिली जात असे. तारीख, वारा, जहाजाचे स्थान आणि त्या दिवशी मारलेला देवमासा, अशा त्यात नोंदी असत. पुष्कळ वह्यांत मारलेल्या प्रत्येक जीवासाठी देवमाशाच्या आकाराचा लहानसा शिक्का उमटविलेला दिसतो. नफा मोजण्यासाठी लिहिलेल्या याच नोंदींवरून पुढे अभ्यासकांनी देवमासे पूर्वी कोणकोणत्या समुद्रांत वावरत होते याचे नकाशे तयार केले. मारणाऱ्यांचा हिशेब असा वाचलेल्यांच्या उपयोगी पडला. प्रतिक्रमणात माणूस आपले दोष झाकत नाही, आठवून उच्चारतो. समाजालाही आपल्या चुकीचा लेख कोणीतरी सांभाळून ठेवावा लागतो. तो लेख त्या कापड-कारखानदाराने सांभाळला.

केळकरांच्या वाट्याला आलेले काम त्या मानाने सौम्य होते. त्यांच्या दालनांतील दिव्यांत तिळाचे, करडईचे, जवसाचे असे घाण्याचे तेल जळले असेल. पण दोघांच्या उद्योगाचा धागा एकच आहे. जगाच्या बाजारात ज्या वस्तूचे मोल संपले, तिच्यात माणसांच्या जगण्याची साक्ष शिल्लक असते, हे दोघांनाही दिसले.

येथे जैन वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहणे साहजिक आहे. हा सारा परिग्रहच नव्हे काय? गृहस्थाला परिग्रहपरिमाणाचे व्रत सांगितले आहे. धन, धान्य, वास्तू, भांडी यांना मर्यादा घालावी असा उपदेश लहानपणापासून कानावर पडतो. मग २०,००० वस्तू जमविणाऱ्या माणसाचे कौतुक कोणत्या तोंडाने करावे?

प्रश्न खरा आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. संग्रहाच्या छंदात लोभ शिरण्यास वेळ लागत नाही. एक अडकित्ता मिळाला की दुसरा हवासा वाटतो. दुसऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, या विचाराने झोप उडते. मात्र आचार्य उमास्वामींनी परिग्रहाचे लक्षण सांगताना वस्तूंची संख्या मोजलेली नाही. त्यांनी बोट ठेवले ते मूर्च्छेवर, म्हणजे ‘हे माझे’ या ममत्वावर. त्या कसोटीवर केळकरांचे आयुष्य तपासले तर शेवटची नोंद निर्णायक ठरते. त्यांनी हा संपूर्ण संग्रह आपल्या हयातीतच महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्या वस्तूंचा बाजारभाव वर्षागणिक चढत होता आणि ज्यांतील एकेक नग विकून सुखाने राहता आले असते, त्या त्यांनी सर्वांच्या केल्या. पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली, १९८० मध्ये पद्मश्रीचा मान मिळाला आणि १९९० साली त्यांचे देहावसान झाले. आज संग्रहालयात २०,००० हून अधिक वस्तू आहेत. त्यांपैकी सुमारे २,५०० मांडलेल्या असतात, म्हणजे एकूण संग्रहाचा आठवा हिस्सा. त्या पाहायला येणाऱ्या शाळकरी मुलाचा त्यांवर जेवढा हक्क आहे, तेवढाच केळकरांचा उरला होता. जमविणे सोपे नव्हते, पण सोडणे त्याहून कठीण होते. आणि सोडल्यामुळेच त्या जमविण्याला अर्थ आला.

व्यापाऱ्याच्या धनाने आणि धडपडीने वारसा वाचल्याची उदाहरणे वऱ्हाडालाही नवी नाहीत. त्या काळी अकोला जिल्ह्यात असलेल्या कारंज्याच्या जैन मंदिरांतील ग्रंथभांडारांत शेकडो वर्षांच्या हस्तलिखित पोथ्या जपून ठेवलेल्या होत्या. तेथील चवरे घराण्याच्या दानातून अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला सुरू झाली. १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले महाकवी पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ त्या मालेतून प्रसिद्ध झाले आणि १९३३ साली डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेले ‘णायकुमारचरिउ’ही प्रकाशात आले. अपभ्रंश भाषेतील हे साहित्य तोवर बस्त्यांत बांधलेले होते. हिरालालजी त्या वेळी अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात प्राध्यापक होते.

त्याच अमरावतीहून १९३९ साली ‘षट्खंडागमा’चा धवला टीकेसह पहिला भाग प्रकाशित झाला. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके राहिलेल्या त्या सिद्धांतग्रंथाच्या प्रती व्हाव्यात म्हणून मुंबईचे सेठ माणिकचंद आणि सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद या व्यापाऱ्यांनी ध्यास घेतला होता. छपाईसाठी भेलसा, म्हणजे आजच्या विदिशा, येथील सेठ लक्ष्मीचंद्रांनी निधी दिला. पुढील सुमारे दोन दशकांत १६ भागांचे ते काम तडीस गेले. श्रुतपंचमीला शास्त्राची पूजा करताना विद्वानांचे स्मरण होते. त्यांच्याबरोबर या पेढीवाल्यांचेही स्मरण व्हावयास हवे. शास्त्रदानाची त्यांची कल्पना आणि केळकरांचा वस्तुसंग्रह यांत अंतर आहे हे उघड आहे. एकीकडे आगम आहे, दुसरीकडे अडकित्ता. तरी नाहीसे होऊ घातलेले काही आपल्या मिळकतीतून वाचवायचे आणि मग ते स्वतःचे न ठेवता सर्वांचे करायचे, ही रीत दोन्हीकडे एकच दिसते.

तेव्हा ओसरीवर मांडलेल्या त्या वस्तूंकडे पुन्हा यावे. प्रत्येक घराने संग्रहालय व्हावे असे कोणी म्हणणार नाही. घरे लहान झाली आहेत आणि परिमाणाचे व्रतही पाळायचे आहे. पण मोडीचा तराजू लागण्याआधी एक दुपार खर्च करता येईल. घरातील सर्वांत वडील व्यक्तीजवळ बसून प्रत्येक वस्तूचे नाव विचारावे, ती कोणाच्या लग्नात आली, कोठल्या बाजारातून घेतली, कशासाठी वापरली जाई, हे तारखेसह लिहून घ्यावे आणि तिचा फोटो काढावा. पन्नास वस्तूंपैकी दोन-तीन ठेवाव्यात; उरलेल्या खुशाल जाऊ द्याव्यात.

वह्यांच्या बाबतीत मात्र घाई करू नये. ज्या वहीच्या पहिल्या पानावर मंगल अक्षरे आहेत आणि आत कापसाच्या बोज्यांचे, सरकीचे, हुंड्यांचे, नोकरांच्या पगाराचे, मंदिराला दिलेल्या देणगीचे आकडे आहेत, ती केवळ एका पेढीची वही नसते. त्या वर्षीचा पाऊस, भाव, दुष्काळ, गावातील देणीघेणी यांची ती साक्ष आहे. देवमाशाच्या शिक्क्यांची वही लिहिणाऱ्या खलाशालाही आपण पुढच्या पिढ्यांसाठी काही लिहीत आहोत याची कल्पना नव्हती. वह्या कोरड्या जागी ठेवाव्यात, मोडी जाणणाऱ्याला एकदा दाखवाव्यात, आणि घरी सांभाळणे शक्य नसेल तर मंदिराच्या ग्रंथभांडाराला किंवा एखाद्या संशोधनसंस्थेला रीतसर यादी करून द्याव्यात. देताना कुटुंबाचे नाव आणि गाव लिहावे, म्हणजे वही कोठली हे पुढच्या वाचणाऱ्याला कळेल.

आणि बूड झिजलेली ती समई? तिच्या कडेला कदाचित देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे नाव ठोकलेले असेल. चिंच लावून घासली तर ती अक्षरे दिसतील. नाव वाचता आले, तर ती वजनावर देण्याआधी घरातील मुलांना एकदा वाचून दाखवावी. त्यानंतर तिचे काय करायचे, हे बहुधा तीच ठरवतील.